शेडचं दार का अडकलं?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बागेच्या कोपऱ्यात माळीकाकांसाठी शेड उभी केली. सहा फूट बाय आठ फूट, खाली सहा सॉलिड ब्लॉक, वर लाकडी चौकट आणि पत्रा. मे महिन्यात दार एका बोटाने उघडायचं, ऑगस्टमध्ये खांदा लावल्याशिवाय हलेना. सगळ्यांचं एकच मत पडलं: आत खताची पोती फार झाली, वजनाने शेड खचली. ऐकायला हे पटतं, पण हिशेब वेगळंच सांगतो.

सामानासकट शेडचं वजन 900 किलो धरू. सहा ब्लॉकवर ढोबळमानाने प्रत्येकी 150 किलो. सोळा बाय आठ इंचाचा ब्लॉक आडवा ठेवला की तो 0.08 चौरस मीटर जागा व्यापतो, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 1,900 किलो भार आला. आता साठ किलोचा माणूस अनवाणी एका पायावर उभा राहिला तर? तळव्याचं क्षेत्रफळ साधारण 0.02 चौरस मीटर, म्हणजे भार दर चौरस मीटरला 3,000 किलो. चालताना पावलापावलाला आपण त्या भरलेल्या शेडपेक्षा जमीन जास्त दाबतो. कोरड्या, घट्ट जमिनीला हे ओझं काहीच नाही.

खचला होता तो फक्त एक कोपरा. चारही कोपरे सारखेच इंचभर खाली गेले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. एकटा कोपरा वीस मिलिमीटर गेला की सहा फुटांची भिंत तिरकी होते आणि दाराचा माथाही जवळपास तेवढाच बाजूला सरकतो. दार आणि चौकटीत फट असते जेमतेम तीन-चार मिलिमीटरची.

आणि तो कोपरा गेला पाण्यामुळे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. साडेचार चौरस मीटरच्या आमच्या पत्र्यावर त्याचे होतात नऊ-दहा हजार लिटर, म्हणजे अख्खा एक टँकर. छपराचा उतार एकाच बाजूला, त्यामुळे हा टँकर एकाच कडेला रिकामा होतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस पुन्हा आला तर एवढ्याशा पत्र्यावरून चार हजार लिटर पाणी उतरेल.

जुहूला लाटेच्या कडेला उभं राहून पाहा. लाट परतताना टाचांखालची वाळू घेऊन जाते आणि माणूस मागे कलतो. त्याचं वजन तेवढंच असतं, पायाखालचा आधार मात्र एका बाजूने गेलेला असतो. आमच्या मागच्या डाव्या ब्लॉकचं हेच झालं.

पाणी माती वाहून नेतं, शिवाय ती आतून कमकुवतही करतं. जमीन भार पेलते ती मातीचे कण एकमेकांना दाबून धरतात, त्यांच्यात घर्षण असतं म्हणून. मधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि पाण्याला निघून जायला वाट नसली, की भाराचा काही भाग पाणीच उचलतं. कणांची एकमेकांवरची पकड तेवढी सुटते. अभियंते कार्ल टेरझाघी यांनी 1920 च्या दशकात हे नीट मांडलं आणि मृदा यांत्रिकी हे शास्त्र त्यावर उभं राहिलं. पाण्याला घर्षण देता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पायाबद्दलचे बरेच निर्णय आपोआप बरोबर येतात.

उदाहरणार्थ, बागेतली भुसभुशीत लाल माती आणि शेणखत पायाच्या जागेतून पूर्ण काढायचं. खत कुजतं, आकसतं, पोकळी सोडतं. मुंबईत बऱ्याच ठिकाणी खाली डेब्रिजचा भराव निघतो. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावं, नाहीतर चांगला मुरूम आणून थराथराने, थोडं पाणी मारून धुम्मस करावा, म्हणजे ठोकून घट्ट बसवावा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती खडीत मिसळू न देणारं) आणि सहा इंच स्वच्छ खडी. ब्लॉकचा भार खडीतून खाली जाताना पसरतो आणि सहा इंच खोलीवर 1,900 चा सुमारे 800 होतो. खडीचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिकणमातीच्या बारीक छिद्रांतून पाणी मीटरभर आणि त्याहूनही वर चढतं. वीस मिलिमीटरच्या खडीत त्याला चढायला अरुंद वाटच मिळत नाही. लाकूड कोरडं राहतं.

पण चिकण जमिनीत खड्डा करून खडी भरली आणि निचरा ठेवला नाही, तर त्या खड्ड्याची बादली होते. तळाला उतार आणि बाहेर काढणारा पाइप हवाच. आमच्याकडे नेमकं हेच राहून गेलं होतं.

थंड देशांत ब्लॉकच्या पायाला त्रास देतं ते जमिनीत गोठणारं पाणी. बर्फाचे थर खालून पाणी ओढत जाड होतात आणि ब्लॉक वर उचलतात. म्हणून तिथल्या नकाशात दिलेली पायाची खोली इथे जशीच्या तशी घेऊ नये. ब्लॉक काँक्रीटचे आणि भरीवच घ्यावेत. पांढरे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) भिंतीला छान, पण पाणी शोषतात, मातीत नकोत.

मापांत आम्हाला आठ बाय सहाचा फायदा झाला. या आकाराचा कर्ण बरोबर दहा फूट येतो. दोन्ही कर्णांवर टेप लावली, दोन्हीकडे दहा आले, म्हणजे कोपरे काटकोनात बसले, गुण्या जुळला. लेव्हलसाठी पाणी भरलेला पारदर्शक पाइप पुरतो, मात्र आत बुडबुडा राहू देऊ नये.

वाऱ्याचा विचार सहसा कुणी करत नाही. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो. छपराच्या आकाराप्रमाणे आकडा बदलतो, पण आमच्या पत्र्याला वर उचलणारं वाऱ्याचं बळ 500 किलोपर्यंत जाऊ शकतं, आणि रिकाम्या शेडचं वजन 400 च्या आसपास. नुसती ब्लॉकवर ठेवलेली शेड म्हणूनच धोक्याची. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यातलं काँक्रीट सव्वादोनशे किलोचं होतं. असे चार खड्डे घेऊन लोखंडी पट्ट्यांनी चौकट बांधून टाकली.

ओतीव स्लॅबऐवजी ब्लॉक घेतले याचा मला आजही आनंद आहे. दिवाळीनंतर पट्टीचे बोल्ट सैल केले, गाडीच्या जॅकने तो कोपरा उचलला, खालचा चिखल काढून खडी आणि ग्रिट (बारीक खडी) भरली, ब्लॉक परत बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. छपराला पन्हाळ लावून पाणी पिंपात घेतलं, निचऱ्याचा पाइपही टाकला. प्रत्येक ब्लॉकवर आता रंगाची खूण आहे. मेअखेरीस आणि दसऱ्याच्या सुमारास माळीकाका आणि मी लेव्हल पाइप लावून पाहतो. यंदा सगळ्यात जास्त फरक दोन मिलिमीटरचा निघाला, त्याच मागच्या डाव्या कोपऱ्यात.