पुस्तक आधी यायचं, पेटी मागाहून

तालुक्याच्या वाचनालयातली 'दुनियादारी'ची एक प्रत मध्यंतरी हातात आली. मागच्या पुठ्ठ्याला आतून तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. वरचे शिक्के विरळ, वर्षाला दोन-तीन, तेही पावसाळ्यात कॉलेजं उघडल्यावरचे. मग २०१३चा जुलै येतो आणि चिठ्ठी एकदम गच्च होते. जागा संपली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, तीही भरलेली. सुहास शिरवळकरांची ही कादंबरी ऐंशीच्या दशकातली आणि संजय जाधव यांचा सिनेमा २०१३च्या जुलैतला. मधल्या काळात पुस्तक कपाटातच होतं. गावाने ते मागितलं थिएटरातून घरी आल्यावर.

'आधी कादंबरी वाचा, मग सिनेमा बघा' असं आता जो-तो सांगतो, आणि सांगताना मान जरा ताठ करतो. जणू चोखंदळ वाचकाचं ते व्रतच. आमच्या खान्देशात हा क्रम पूर्वी पाळला जायचा हे खरं, पण तो कोणी व्रत म्हणून पाळत नव्हतं. तो लावून दिला होता शाळेने, वाचनालयाने आणि रेल्वेच्या पार्सल डब्याने. पुस्तक आधी पोचायचं, सिनेमाच्या रिळांची पेटी मागाहून, म्हणून आधी वाचून व्हायचं.

त्याही आधीचा एक थर आहे, तो ऐकण्याचा. खान्देशात घराघरांत पोचलेलं पुस्तक कोणतं असं विचारलं तर माझ्या माहितीतली दहापैकी नऊ माणसं 'श्यामची आई' म्हणतील. त्यातलं गाव कोकणातलं, दापोलीजवळचं पालगड. नारळ, पत्रावळी, धो धो पाऊस. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या आमच्या मुलखाशी त्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो लिहिणाऱ्याचा. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक त्यांनी तिथूनच काढलं. मुलांना गोष्टी सांगायच्या हे त्यांचं तिथलं रोजचंच काम. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि ते उतरवून घ्यायचे गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून आलं. दुसऱ्याचं बोललेलं कागदावर कसं आणायचं याचा हात धुळ्यात बसला असावा, असं मला आपलं वाटतं. कारण लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, आणि तीही सांगितल्यासारखीच. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस.

त्यामुळे हे पुस्तक मुक्याने वाचायची चालच पडली नाही. आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला आमचे मास्तर एकेक रात्र वाचायचे, कधी दोन, आणि वर्ष संपायच्या आत पुस्तक संपायचं. घरी ओट्यावर मी तीच रात्र पुन्हा आजीला सांगायचो. तिला वाचता येत नव्हतं. शेंगा फोडता फोडता ती विचारायची, "मंग पुढे काय व्हयनं?" पुढचं मलाच ठाऊक नसायचं, पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागायचं.

आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर सिनेमा काढला तो १९५३ साली. आई झाल्या वनमाला, श्याम झाला माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं. गुरुजींनी तो पाहिला नाही. ते जून १९५० मध्येच गेले. याच अत्र्यांनी आदल्या वर्षी, १९५२ साली, जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना प्रस्तावना लिहिली होती. सोपानदेवांनी आईच्या ओव्या टिपून ठेवल्या नसत्या तर त्या तिच्याबरोबरच गेल्या असत्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुस्तक निघालं तेव्हा त्यांना जाऊन काही महिने झाले होते. अमळनेरला साहित्य संमेलन भरलं तेही १९५२लाच. खान्देशाने मराठीला दिलेली दोन मोठी माणसं अशी दोन वर्षांत एकाच माणसाच्या हातून सगळ्या महाराष्ट्रासमोर आली. एक छापून, एक पडद्यावर.

कादंबरीवरून सिनेमा ही गोष्ट त्या वेळी काही नवी नव्हती. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) मूकपटाच्या काळातला, तो ना. ह. आपट्यांच्या लेखनावर. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर. पण या कादंबऱ्या इकडे किती हातांत होत्या हा प्रश्नच आहे. पुस्तक माहीत, मग त्यावरचा सिनेमा, हे गावच्या गाव जोडीने घडलं ते 'श्यामची आई'पासून.

आता पेट्यांकडे येऊ. सिनेमा म्हणजे त्या काळी एक वजनदार वस्तू होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं. अडीच तासांच्या सिनेमाला अशी चौदा-पंधरा रिळं. ती पत्र्याच्या पेट्यांत भरून आगगाडीने जायची. प्रत काढणं महाग, त्यामुळे मराठी सिनेमाच्या प्रती मोजक्याच निघायच्या. त्या आधी पुण्या-मुंबईत, मग नाशिक, मग आम्ही. सिनेमाच्या धंद्यात भुसावळ हे वितरणाचं जुनं ठाणं. गाड्यांचं जंक्शन ते पेट्यांचंही जंक्शन. तिथून जळगाव, धुळे, मग तालुक्याचं टॉकीज, आणि सगळ्यात शेवटी, फिल्मवर उभ्या रेघा पडल्यावर, जत्रेतला तंबू. तोवर पुण्यात तो सिनेमा उतरूनही काळ लोटलेला असायचा.

पुस्तकाला मात्र पेटी लागत नव्हती. एक प्रत टपालाने आली की गावात शंभर जणांची व्हायची. जळगावच्या व. वा. वाचनालयासारखी जुनी ग्रंथालयं शहरांत होतीच. १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, अ-ब-क-ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळू लागलं, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीतही दोन कपाटं उभी राहिली. कपाटांत अर्धी पुस्तकं कोणी न उघडलेली असायची हेही खरं. पण कादंबऱ्यांचे कोपरे वळलेले, कडा तेलकट झालेल्या.

तंबूत मी 'श्यामची आई' पाहिला तेव्हा तो पंचवीस वर्षांहून जुना होता. जत्रेत एका हाताला गोडीशेव-भज्यांची पालं, दुसऱ्या हाताला तंबू. मध्ये दोर, दोराच्या इकडे बाया, तिकडे माणसं. खाली नुसती माती, घरून आणलेलं पोतं अंथरायचं. मी लहान म्हणून आजीजवळ बायांत. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबायचा. बाहेर जनरेटरची धडधड चालूच, आत अंधार. या अंधारात वाचलेल्यांना भाव यायचा. "आता पाहा, आता तो पोहायला घाबरणार," असं एकाने म्हटलं की दुसरा, "ते नंतर आहे, आधी देवळातलं." बिनवाचलेले दोघांची तोंडं बघत बसायचे. आधी पुस्तक वाचण्याचा फायदा काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. रीळ बदलेस्तोवर आख्खा तंबू आमचा असायचा.

एका ठिकाणी आम्ही वाचणारेही फसलो. 'छडी लागे छम छम' सुरू झालं आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. हे पुस्तकात कुठंय? दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून बेचाळीस रात्री चाळल्या. ते कुठंच नव्हतं. असणार कुठून, गाणं अत्र्यांचं. पण त्या शोधाशोधीत पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झालं. सिनेमानंतर वाचण्याचं वळण आम्हाला तिथूनच लागलं म्हणायला हरकत नाही.

आजीचं वेगळं होतं. तिने बऱ्याच रात्री माझ्याकडून ऐकल्या होत्या, शेवटच्या मात्र नाही. मीच टाळल्या होत्या. तंबूत आई अंथरुणाला खिळली तशी ती दर रिळाला विचारू लागली, "वाचनी का रे ती?" मला ठाऊक होतं. मी म्हटलं, रीळ लावताहेत, पाहा.

आमच्याहून मोठ्या पोरांचे वाद अधिक शहाणे होते. जब्बार पटेलांचे 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'सिंहासन' (१९७९) आले तेव्हा वाचनालयाच्या पायरीवर त्यांच्यावर तासतास बोलणं चालायचं. 'जैत रे जैत' गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, पण आमच्याकडे तो ना. धों. महानोरांचा. महानोर अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेड्याचे. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद असला तरी जळगाव त्यांना आपलंच मानायचं. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची गोष्ट, आणि तिच्यातली गाणी आमच्या कपाशी-ज्वारीच्या शिवारातल्या माणसाची. कादंबरी वाचलेल्यांनाही इथे नव्याने काही मिळालं. 'सिंहासन'ची गंमत उलटी. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या. एकच वाचून गेलेल्याला निम्मी माणसं अनोळखी वाटायची. तेव्हा कॉलेजात असलेला माझा चुलतभाऊ दुसरी कादंबरी मिळवायला जळगावपर्यंत जाऊन आला होता.

क्रम उलटला तो दूरदर्शनने. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला छोटे प्रक्षेपक सगळीकडे बसले आणि मराठी सिनेमा सरपंचांच्या ओसरीत आला. पेटी नाही, तंबू नाही, थांबणं नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' आमच्या गल्लीतल्या पुष्कळांनी मालिका लागल्यावर मागितली. ग्रंथपाल वैतागून म्हणायचे, "इतकी वर्षं कुठं होतात रे, जिभाऊ?" पुढे 'नटरंग' (२०१०) आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. मग मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'वरचा सुजय डहाकेंचा सिनेमा. दर वेळी तेच झालं. प्रकाशकांनीही वारा ओळखला आणि नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नट-नटी आले. मला स्वतःला ही मुखपृष्ठं आवडत नाहीत. 'शाळा'तल्या जोशीच्या चेहऱ्याची जागा वाचणाऱ्यासाठी मोकळी ठेवायला हवी होती. पण त्या मुखपृष्ठामुळेच पुस्तक हातात घेणारी मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा फार बोलत नाही.

याला एक अपवाद घरचाच. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. कॉलेजातल्या पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या ती पडद्याच्या आधाराशिवाय वाचत आल्या. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर कसा दिसतो यावर आमच्या वसतिगृहात कधी एकमत झालं नाही, आणि कोणाला ते व्हावंसंही वाटलं नाही.

आता सिनेमा बोट लावताच फोनवर आणि पुस्तक कुरिअरने चार दिवसांनी. आमच्या वेळच्या बरोबर उलट. विद्यापीठांच्या मराठी विभागांत या सगळ्याला 'माध्यमांतर' असं नाव मिळालं आणि त्याच्यावर गुणांचे प्रश्नही आले. २०२३मध्ये सुजय डहाकेंनी 'श्यामची आई' पुन्हा केला, कृष्णधवल. त्यानंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०२४मध्ये, बहात्तर वर्षांनी अमळनेरला पुन्हा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं; नगरीला नाव गुरुजींचंच होतं.

'दुनियादारी' परत करायला गेलो तेव्हा सहज 'श्यामची आई'ची चिठ्ठी बघावी म्हणून कपाट उघडलं. पुस्तक नव्हतं. काउंटरवरच्या लाकडी डब्यात त्याचं कार्ड होतं, म्हणजे कोणीतरी नेलेलं. कार्डावरची मुदत उलटून महिना झाला होता.

"सहावीतली पोरगी आहे," ग्रंथपाल म्हणाले. "आजीला वाचून दाखवते म्हणे. निरोप नाही धाडला अजून."