वस्तू ओळखणारा फोन (अंधांसाठी)

अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना रोजच्या वस्तू ओळखता याव्यात, त्यांवर स्वतःची खूण ठेवता यावी यासाठी वापरली जाणारी स्मार्टफोनवरील साधने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा त्यांचा पाया. मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय (२०१७) आणि गूगलचे लुकआउट (२०१९) छापील मजकूर व बारकोड वाचतात. डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या बी माय आइज (२०१५) या ॲपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर मदत करतात.

शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिमी. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिमी. नागपूरच्या बर्डी बाजाराच्या गर्दीत ऑटोवाला घाई करत असताना चार मिलिमीटरचा फरक बोटांना कुठून कळायचा? रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ ॲप (२०२०) नोट किती रुपयांची ते बोलून सांगते, तेही इंटरनेटशिवाय. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

छापील वेष्टनापुरता कॅमेरा चोख काम करतो. पण नागपूरच्या स्वयंपाकघरात इतवारीतून आणलेला सुटा मसाला साध्या पुड्यांतून येतो, त्यावर छापलेले काहीच नसते. धने, जिरे वासाने कळतात. जहाल भिवापुरी तिखट कोणते आणि रंगापुरते काश्मिरी कोणते, हे घाईत ओळखणे अवघड, आणि चूक झाली तर ती थेट रश्शात उतरते. इथे ओळखण्यापेक्षा लेबल लावणे जास्त उपयोगी. नाण्याएवढ्या एनएफसी स्टिकरला (अगदी जवळून रेडिओ लहरींनी माहिती देणारी चिप असलेल्या) बॅटरी लागत नाही. एकदा त्यात नाव भरून ठेवले की फोन जवळ नेताच ते वाचले जाते. मात्र साधे स्टिकर स्टीलच्या डब्यावर चालत नाही, धातू त्याचे संकेत अडवतो. आणि आपल्याकडे डबे बहुतेक स्टीलचेच! म्हणून ते प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवून दोऱ्याने डब्याला बांधतात, किंवा धातूसाठीचे वेगळे स्टिकर घेतात. क्यूआर कोड स्टीलवर चालतो, पण तो नेमका कुठे आहे हे बोटांना कळावे म्हणून कडेला जाड चिकटपट्टी लावावी लागते.

औषधांच्या ३०० प्रमुख ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात नाव, बॅच, मुदत असते. स्ट्रिपच्या चकचकीत फॉइलवरची बारीक अक्षरे वाचताना कॅमेरा अडखळतो, तिथे हा कोड कामी येतो. दुकानदाराने चारच गोळ्या कापून दिल्या आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहिली, तर कुठलेच ॲप ती वाचू शकत नाही. पूर्ण स्ट्रिपच मागून घ्यावी.