मुख्य शीड व त्याची दोरमांडणी (लहान होडी)

शिडाच्या होडीत डोलकाठीच्या मागे, बूम या आडव्या दांडीच्या आधाराने उभे राहणारे शीड म्हणजे मुख्य शीड. बोलताना सर्रास मेनसेल म्हणतात. ते चढवणे, ताणणे, वाऱ्याच्या कोनात धरणे आणि उतरवणे यांसाठी जे दोर, कप्प्या, क्लीट (दोर अडकवून धरायची खीळ) आणि शॅकल (पिन लावून बंद होणारी जोडकडी) लागतात त्यांची मिळून दोरमांडणी होते. नव्या होडीबरोबर तिचा आराखडा येतो. वापरलेली होडी मात्र बहुधा सुटी करून, टेम्पोत घालून, दोरांच्या एका गुंतलेल्या गाठोड्यासह येते. त्या गाठोड्यातला कोणता दोर कुठला, हे होडीवरूनच कसे ताडावे हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या, एका डोलकाठीच्या डिंगी, म्हणजे लहान उघड्या होडीच्या, प्रकारापुरताच येथे विचार केला आहे.

उगम : आज बहुतेक डिंगींवर दिसणाऱ्या उंच तिकोनी शिडाला बर्म्युडा शीड म्हणतात. बर्म्युडा बेटांवर इंग्रजांची वसाहत १६१२ मध्ये झाली. १६७१ च्या एका इंग्रजी पद्यात तेथील होड्यांच्या तीन कोनी शिडांचा उल्लेख येतो. तेव्हा १७ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा प्रकार तिथे रुळला होता असे म्हणता येते. मूळ कल्पना कोणाची, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार ती बेटांवरच, अरुंद खाड्यांतून वाऱ्याच्या तोंडावर जाण्याच्या गरजेतून निघाली. दुसऱ्या मतानुसार ती डच होड्यांवरून आली, कारण त्या काळी डच कालव्यांतून तशाच घाटाची शिडे वापरात होती. डच मूळ अधिक संभवनीय दिसते. फुटलेल्या जहाजातून बेटावर आलेल्या एका डच खलाशाने अशी पहिली होडी बांधली, ही कथा मात्र बेतानेच घ्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी तारांनी ताणलेल्या उंच डोलकाठ्या आल्या आणि बिनतारी संदेशाच्या मनोऱ्यांशी असलेल्या साम्यामुळे याच मांडणीला मार्कोनी असेही म्हटले जाऊ लागले.

याहून जुना वाद, होडीच्या लांबीच्या दिशेने बसणारे शीड मुळात कोठले, हा आहे. तिरप्या परबाणावर (शीड जिला बांधतात त्या, डोलकाठीवर टांगलेल्या लांब काठीवर) टांगलेले तिकोनी लॅटिन शीड अरबांनी हिंदी महासागरातून भूमध्य समुद्रात नेले, असे दीर्घकाळ मानले जाई. तुर्कस्तानातील केलेंदेरिस येथील मोझेइकमध्ये असे शीड असलेले जहाज दिसते, व ते सामान्यतः इ.स. पाचव्या शतकाच्या अखेरीचे ते सहाव्या शतकाच्या आरंभीचे धरतात. अरब विस्ताराच्या आधीचा हा पुरावा जमेस धरता जुने मत टिकणे कठीण आहे. प्राचीन नौकानयनाचे अभ्यासक लायोनेल कॅसन यांनी तर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील थासोस बेटावरच्या शिल्पात कर्णरेषेत लावलेल्या काठीचे शीड ओळखले. आपल्याकडे अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र नेहमी पुढे केले जाते. त्यातील शिडे उंच व चौकोनी आहेत. ती होडीला आडवी बसणारी की लांबीच्या दिशेची, हे रेखाटनावरून ठरत नाही. चित्राचा काळही पाचव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे वेगवेगळा धरला जातो. त्यामुळे या वादात ते साक्षीला आणणे फारसे उपयोगी नाही.

कोल्हापूरचा संबंध : कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अलीकडे आहे, तरी करवीरच्या राज्याला समुद्र परका नव्हता. मालवण बंदर व सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पुढच्याच वर्षी तो परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. कोकण किनाऱ्याच्या गलबतांवरील शीड परबाणाला बांधलेले असे. त्याला खाली बूम नसे, आणि वारा दुसऱ्या बाजूला घ्यायचा तर परबाणच डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागे. म्हणून कोळी बांधवांचा अनुभव डिंगीवर जसाच्या तसा लागू पडत नाही. दोर, कप्पी, सुकाणू आणि वाऱ्याचा अदमास यांत तो उपयोगी पडतो. बूम आणि तिच्या ताणदोरांच्या बाबतीत नाही.

शहरातील माणसाला रंकाळ्यावरील नौकाविहार परिचयाचा आहे. शिडाची होडी मात्र विरळाच. भारतात शर्यतींमुळे एंटरप्राइज, फायरबॉल, लेझर, ऑप्टिमिस्ट हे वर्ग, म्हणजे ठरावीक आराखड्याच्या होड्यांचे प्रकार, पसरले. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी मुंबईच्या पाण्यात फायरबॉलमध्ये सुवर्णपदक मिळवले. घाटावर येणारी जुनी होडी बहुधा अशाच एखाद्या वर्गातील असते. पाण्यात उतरवण्यापूर्वी तलाव वा धरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लागते.

ओळख पटवणे : पहिले काम वर्ग ठरवण्याचे. शिडाच्या वरच्या भागात वर्गचिन्ह आणि क्रमांक असतो, भारतीय होडीवर आयएनडी ही अक्षरेही असू शकतात. एंटरप्राइज ही जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ४.०४ मी. लांबीची होडी, तिची शिडे परंपरेने निळी. वर्ग कळला की मांडणीचा निम्मा उलगडा झाला असे समजावे. चिन्ह नसेल किंवा शीड दुसऱ्याच होडीचे असेल (असे बऱ्याचदा असते), तर शिडापासूनच सुरुवात करावी लागते.

शीड स्वच्छ गवतावर पसरावे. सर्वांत अरुंद कोन वरच्या टोकाचा. तिथे बहुधा कडक फळी किंवा पत्रा शिवलेला असतो. जी कड बाहेर फुगीर आहे आणि जिच्यात पट्ट्या घालायचे खिसे आहेत ती मागची. जिच्या शिवणीत दोर भरलेला आहे, किंवा जिला प्लास्टिकच्या गुंड्या लावल्या आहेत, ती डोलकाठीकडची. तळाच्या कडेतही दोर असेल तर दोर भरलेल्या दोन कडा जिथे भेटतात तो पुढचा खालचा कोपरा. तळाच्या कडेत दोर नसेल तर शीड फक्त दोन कोपऱ्यांवर बूमला धरलेले असते. बूमच्या वरच्या अंगाला खाच आहे म्हणून त्यात शीड सरकवलेच पाहिजे असे नाही.

पुढच्या कडेवर, खालच्या कोपऱ्याच्या वीतभर वर आणखी एक छिद्र दिसले तर तिथे घोटाळा हमखास होतो. ते कनिंगहॅमचे छिद्र. १९५८ च्या अमेरिका चषक या नौकाशर्यतीत कोलंबिया या नौकेचे नेतृत्व करणारे ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यातून दोर ओवून खाली खेचला की पुढची कड ताणली जाते आणि शिडाचा फुगवटा पुढे सरकतो. खालचा कोपरा बूमला धरणारी पिन त्याऐवजी या छिद्रात घातली, तर खालचा कोपरा सैल लोंबतो आणि तेथून तिरप्या सुरकुत्या वर जातात.

आता डोलकाठी. तिच्या मागच्या बाजूला शेंड्यापर्यंत गेलेली खाच असते, आणि बूमच्या सांध्याच्या थोडे वर त्या खाचेचे तोंड रुंद केलेले असते. शिडाची दोर भरलेली कड तिथून आत घालायची. शेंड्याजवळची, मागे तोंड असलेली चाकी मुख्य शिडाच्या हॅलियार्डची, म्हणजे शीड वर खेचणाऱ्या दोराची. पुढे तोंड असलेली आणि जरा खाली असलेली चाकी पुढच्या शिडाची. गाठोड्यातला डोलकाठीच्या सुमारे दुप्पट लांबीचा दोर हा हॅलियार्ड असण्याची शक्यता जास्त. काही होड्यांवर तो अर्धा पोलादी तारेचा असतो. तारेच्या टोकाचा फासा डोलकाठीवरच्या हुकात बसतो, तेव्हा शीड पूर्ण चढले असे समजायचे. हॅलियार्ड पोकळ डोलकाठीच्या आत निसटला असेल, तर सुतळीला सायकलच्या चेनचा तुकडा बांधून तो वरच्या चाकीवरून आत सोडतात. डोलकाठीच्या खालच्या, दोर बाहेर काढायच्या भोकाशी खडखड ऐकू आली की तारेच्या आकड्याने बाहेर ओढतात.

जुन्या होडीवरच्या खुणा आराखड्याइतक्याच बोलक्या असतात. बूमच्या खालच्या अंगाला रंग उडून धातू उघडा पडलेला लांबट पट्टा दिसला, तर तिथे वर्षानुवर्षे एखादा पट्टा किंवा दोर घासला आहे. डोलकाठीवर दोन भोके आणि त्यांच्यामध्ये न विटलेला चौकोन असेल तर तिथे क्लीट होते. मात्र भोक दिसले की काहीतरी बसवलेच पाहिजे असा हट्ट नको. आधीच्या मालकांनी प्रयोग केलेले असतात, आणि काही भोके त्या प्रयोगांचीच असतात.

मेनशीट : शीड आत-बाहेर करणारा हा मुख्य दोर. तो एक तर बूमच्या मागच्या टोकाकडून होडीच्या मागच्या फळीकडे उतरतो, किंवा बूमच्या मध्यावरून होडीच्या मधोमध. कप्प्यांच्या मांडणीत जोर किती वाचतो हे काढणे सोपे आहे : बूमला ओढणारे दोराचे पदर मोजावेत. दोराचे बांधलेले टोक होडीला असेल, दोर बूमच्या कप्पीतून फिरून होडीच्या कप्पीत येत असेल आणि तिथून हातात, तर बूमवर दोन पदर येतात. तेच टोक बूमला बांधले, दोर होडीच्या कप्पीतून पुन्हा बूमच्या कप्पीत नेला आणि तिथून हातात घेतला, तर तीन. बूमवर ३० किलोचा ओढा असता पहिल्या मांडणीत हातावर १५ किलो आणि दुसरीत १० किलो येईल. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक. त्याची किंमत दोराच्या लांबीत मोजावी लागते : बूम १ मी. आत घ्यायला तीन पदरांत ३ मी. दोर ओढावा लागतो. हाती असलेला दोर बूम पूर्ण बाहेर गेल्यावर अपुरा पडत असेल, तर तो कमी पदरांच्या मांडणीचा असावा. हातातल्या टोकाला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारावी, म्हणजे दोर कप्पीतून निसटत नाही.

बूम खाली धरणारा दोर : डोलकाठीच्या पायथ्यापासून तिरपा वर जाऊन बूमला पकडणारा हा दोर, किकर, वापरलेल्या होडीवर हरवलेला असतो, आणि नवखा मालक तो नसला तरी चालेल असे समजतो. वारा मागून असताना त्याच्याशिवाय बूम वर उचलली जाते, शिडाचा वरचा भाग पिळवटतो आणि होडी डोलू लागते. इमारती आणि झाडांनी वेढलेल्या शहरी तलावावर वारा एकसारखा राहत नाही. झुळूक बाजू बदलून येते. अशा पाण्यावर किकर आधी बसवावा, कनिंगहॅम नंतर पाहता येईल. बूमवरचे त्याचे स्थान शोधायला डोलकाठीच्या पायथ्यापासून सुमारे ४५ अंशांची रेषा मनात ओढावी. ती बूमला जिथे भेटते त्याच्या आसपास कडी किंवा खाचेचा तुकडा सापडतो.

साहित्य : हॅलियार्डला न ताणणारा दोर लागतो. पॉलिएस्टरचा विणीचा दोर योग्य. नायलॉन ताणतो, म्हणून तो नांगराला बरा. शेतीसाहित्यात मिळणारा निळा-पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हात लवकर भुसभुशीत होतो. शिडाचे कापड घट्ट विणलेले, राळेने भरलेले पॉलिएस्टर असते. इचलकरंजी जवळ असली तरी शर्टिंगच्या मागावर ते निघत नाही. जुन्या शिडात कापडाआधी शिवण जाते, म्हणून नखाने टाके खरवडून पाहावेत. धातूच्या कामात मात्र कोल्हापूर अडणारे नाही. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर बूमची पिन किंवा कडी नमुना दाखवून करून घेता येते. स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत थेट बसवू नये, दोन्ही धातू एकमेकांना लागू न देणारा विलगक लेप मध्ये द्यावा. समुद्रावर वापरलेली होडी असेल तर खाचांत अडकलेले मीठ गोड्या पाण्याने आधी धुऊन काढावे.

इतर मांडण्या : लेझरच्या शिडाची पुढची कड बाहीसारखी डोलकाठीवर चढते, तिला हॅलियार्डच नसतो. ऑप्टिमिस्टचे चौकोनी शीड कर्णरेषेतील काठीने उचललेले असते (क्लार्क मिल्स, १९४७). मिरर वर्गाच्या मूळ मांडणीत आखूड डोलकाठीला उभी सरकणारी दुसरी काठी जोडतात, म्हणून तिचे शीड चढवताना दोन टप्पे येतात.

जमिनीवरची चाचणी : होडी ट्रॉलीवर बांधून, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याच्या तोंडाला करून, मंद वाऱ्यात शीड चढवतात. डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे, कारण ॲल्युमिनियम वीज वाहते. चढवताना मेनशीट व किकर सैल सोडतात. पुढची कड ताठ झाली की मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढून बांधतात आणि शेवटी किकर आवळतात. उभ्या सुरकुत्या पुढच्या कडेलगत आल्या तर हॅलियार्ड जास्त ताणला आहे. त्याच कडेपासून आडव्या सुरकुत्या निघाल्या तर तो कमी पडला. खाचेत कड अडत असेल तर जोर न लावता शीड खाली घ्यावे आणि खाचेचे तोंड तपासावे. पत्र्याचा एक दुमडलेला कोपराही पुढची कड हातभर फाडतो.