'त्यांना दातांचं काही कळत नाही' हे खरं नाही

पुण्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक समजूत वर्षानुवर्षं फिरतेय: स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्या माणसाला दातांचा त्रास जाणवत नाही, त्याला विचारून उपयोग नाही.

ही समजूत पटण्याला कारण आहे. काहीजण दुखणं खरंच कमी बोलून दाखवतात. पण बोलले नाहीत म्हणून त्रास नाही, असं नसतं. त्यांच्या ताटाकडे बघा. भाकरी आमटीत भिजवूनच खाल्ली जाते, एकाच बाजूने चावलं जातं, घासागणिक पाणी लागतं. तोंडाला हा कोरडेपणा अनेकदा औषधांमुळे येतो आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. (क्लोझापिन या औषधाने उलट लाळ वाढते.) कृपा करून गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि विचारता येतं! दात-तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे विचारणाऱ्या ओएचआयपी-१४ या प्रश्नावलीत १४ प्रश्न आहेत: चव बिघडली का, खाताना त्रास झाला का, लाज वाटली का. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. तब्येत स्थिर असताना एकेक प्रश्न सावकाश वाचून दाखवला, तर बरेचजण नीट उत्तरं देतात. ही प्रश्नावली कीड मोजत नाही, त्यामुळे गुण कमी आले तरी दंतवैद्याला दाखवाच.