द्रव्यांचे लिंगत्व (यातुविद्या व किमया)

यातुविधी (जादूचे विधी) व किमया (धातूंचे रूपांतर करण्याची जुनी विद्या) यांत वनस्पती, खडे आणि धातू यांना पुरुष किंवा स्त्री मानण्याची पद्धती. हे लिंगत्व जीवशास्त्रीय नव्हे. वनस्पतींतील लैंगिक प्रजनन रूडोल्फ कामेरारियस यांनी १६९४ मध्ये मांडले. ही विभागणी त्याहून निदान दोन हजार वर्षे जुनी आहे.

मेसोपोटेमियातील क्यूनिफॉर्म (कीलाकृती लिपीतील) लेखांत ‘नर’ व ‘मादी’ खड्यांचे उल्लेख मिळतात. ग्रीकांनी ही कल्पना तेथूनच घेतली असावी, असे म्हटले जाते. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७१–२८७) मात्र एकाच जातीच्या खड्यांत रंगावरून भेद करतो : कार्नेलियन या तांबूस खड्याचा गडद नमुना नर, उजळ तांबडा मादी. हे निरीक्षण स्वतंत्र असणे अधिक संभवनीय वाटते. रंगाची कसोटी सर्वत्र सारखी नव्हती. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझने (इ. स. पहिले शतक) मँड्रेक या वनस्पतीची काळी जात स्त्री व पांढरी पुरुष ठरवली, तेथे पुरुष जातीची पाने मोठी व रुंद आहेत.

धातूंचे लिंगत्व बहुधा ग्रहांवरून आले. ज्योतिषी टॉलेमीच्या (दुसरे शतक) मते आर्द्रता स्त्रीगुण असल्याने चंद्र व शुक्र स्त्री, तर बुध उभयलिंगी. त्यानुसार चंद्राची चांदी व शुक्राचे तांबे स्त्री, सूर्याचे सोने व मंगळाचे लोखंड पुरुष ठरले. कोणता धातू कोणत्या ग्रहाचा, याच्या जुन्या याद्या एकसारख्या नाहीत. कथिलाबाबत गोंधळ विशेष आहे.

खरा पेच पाऱ्याचा. धातू गंधक व पारा यांपासून बनतात, हा जाबिर इब्न हय्यानच्या नावावरील अरबी लेखनातला सिद्धांत युरोपात गेला. तेथे उष्ण, कोरडा गंधक पुरुष आणि थंड, चंचल पारा स्त्री झाला. भारतीय रसशास्त्रात (पारा व इतर खनिजांच्या विद्येत) नेमके उलट आहे : पारा शिवाचे वीर्य, गंधक पार्वतीचे रज. दोन्ही परंपरांचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण एकीचा आधार गुणधर्मांचा आणि दुसरीचा देवतांचा असल्याने ते फारसे पटत नाहीत. रसग्रंथांत हिऱ्याचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे तीन प्रकार येतात. त्यांत पुरुष हिरा श्रेष्ठ.

विक्का या यातुविद्या मानणाऱ्या आधुनिक पंथात लिंगत्वाच्या याद्या अमेरिकन लेखक स्कॉट कनिंगहॅम यांच्या पुस्तकांमुळे रूढ झाल्या. वनस्पतींवर लिहिताना (१९८५) त्यांनी पुरुष–स्त्री ही विभागणी वापरली. पुढे खडे व धातूंसाठी शक्ती बाहेर टाकणारे व ग्रहण करणारे अशी वर्गवारी पसंत केली.