माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला? या वादामागची हाडं

आमच्या चाळीसगावकडे टपरीवर चहा पिता पिता हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, "अरे भो, माकडना माणूस व्हताना कोनी देखं का?" २०१८ला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत असंच काहीसं म्हटलं तेव्हा देशभर गदारोळ झाला, पण प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं मागे जाऊया.

आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला असं डार्विनचं म्हणणं नव्हतंच, दोघांचा पूर्वज एक होता एवढंच. १८७१ला त्याने माणसावर पुस्तक लिहिलं तेव्हा हातात हाडं जवळपास नव्हती, तरी मूळ बहुतेक आफ्रिकेत सापडेल असा अंदाज त्याने मांडला. पण विद्वानांना आधी मोठा मेंदू असलेला पूर्वज हवा होता, आणि १९१२ला इंग्लंडात पिल्टडाउनची कवटी "सापडली" ती नेमकी तशीच. त्यामुळे १९२४ला दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या पोराची, म्हणजे लहान मेंदूच्या एका पूर्वजाच्या मुलाची, खरी कवटी मिळाली तरी तिला फारसं कुणी विचारलं नाही. पिल्टडाउन बनावट आहे, जबडा ओरांगउटान या वानराचा आहे, हे १९५३ला शास्त्रज्ञांनीच तपासून सांगितलं, हे मात्र वाद घालताना लोक विसरतात. पुढे १९७४ला इथिओपियात ल्युसी नावाचा पूर्वजाचा सांगाडा सापडला, ती ३२ लाख वर्षांपूर्वीची, मेंदू लहान पण दोन पायांवर चालणारी, म्हणजे आधी चाल आणि मग मेंदू.

भारताचंही असंच झालं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या जबड्याला १९३०च्या दशकात रामापिथेकस नाव दिलं, पुढे तो माणसाचा पूर्वज म्हणून पुस्तकांत आला, आणि मग पाकिस्तानात त्याच्याच जवळच्या प्राण्याचा चेहरा मिळाला तो ओरांगउटानसारखा निघाला, दावा गेला! १९८२ला नर्मदाकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला, तो इरेक्टस या जुन्या मानवजातीचा की प्राचीन सेपियनचा, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपाचा, यावर अजून एकमत नाही. पण भांडण तो माणसाच्या वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवर बसवायचा याचं आहे, झाडच नाही असं त्यात कुणी म्हणत नाही.

मग खान्देशात काय? इथे विहीर खोदली की काळी माती, मग मुरूम, मग काळा खडक, खालचं जुनं आणि वरचं नवं हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, जीवाश्मांचं वयही मुळात याच हिशोबाने लावतात. पण तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात माणसाची हाडं कशी मिळतील, ती शोधायची तर नदीनाल्यांच्या गाळात.

त्या गाळाने दिलंय ते आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना माहितीये की तिथेच जवळ १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी खोदकाम केलं आणि शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी मिळाले, आणि एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या! साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचं हे काम. शहामृग आज इथे नाही, पण २०१७ला भारतातल्या अशा जुन्या कवचांतून शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनएसुद्धा काढून दाखवला. पूर्वजाचं हाड नाही मिळालं पाटण्याला, पण कवच घासून गोल करणारी, त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवणारी बोटं आपल्यासारख्याच माणसाची होती.