‘हा राग कोणता?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

तंबोरे जुळतात, गायक षड्ज लावतो, दोन-चार स्वर येतात न येतात तोच शेजारच्या खुर्चीवरून कुजबूज येते, “पूरिया आहे की मारवा?” पुण्यात, मिरजेत, दादरला, पणजीला, कुठेही गाण्याला बसा, हा प्रश्न ऐकू येतोच. विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचे असते. नाव कळले की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि मग तो निवांत ऐकू लागतो. गाणे कळणे म्हणजे रागाचे नाव कळणे, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की ती कधी काळी घडवली गेली असेल, असे मनातही येत नाही. ती घडली गेल्या सव्वाशे वर्षांत, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

प्रश्नाची गंमत अशी की पूरिया आणि मारवा यांचे स्वर एकच आहेत. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. सोहनीचेही तेच. फरक पडतो तो कुठे थांबायचे आणि कुठल्या सप्तकात रमायचे यामुळे. मारवा कोमल रिषभ आणि धैवत धरून बसतो, षड्जावर यायचे लांबवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पूरिया गंधार-निषादांवर विसावतो, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खोल उतरतो. सोहनी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’भोवती, घिरट्या घालते. हे ज्याच्या कानाला जाणवले त्याला नाव माहीत नसले तरी राग भेटलेला असतो. मग नावाचा एवढा ध्यास कुठून आला?

थोडे मागे जाऊ. संगीताची जी व्याख्या विद्यार्थी आजही पाठ करतात, ती तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला लिहिली गेली. शार्ङ्गदेव हा मूळच्या काश्मिरी घराण्यातला पंडित यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. ‘गीतं वाद्यं तथा नृत्यं त्रयं संगीतमुच्यते’ हे त्याचे वचन. गाणे, वाजवणे आणि नाचणे या तिन्हींना मिळून संगीत म्हणायचे. पुढे मराठीत या शब्दातून नृत्य कधी गळून पडले ते कुणाला जाणवलेही नाही. बोलताना तर आपण तो शब्दच वापरत नाही. “आज कुणाचं गाणं आहे?” असे विचारतो, आणि ‘त्यांचं गाणं’ म्हणताना एखादे पद डोळ्यांसमोर नसते, त्या माणसाची अख्खी गायकी असते.

त्याच्याही कित्येक शतके आधी मतंग या शास्त्रकाराने रागाची व्याख्या केली होती : स्वर आणि वर्ण (म्हणजे स्वरांची चाल) यांनी नटलेला, जनांच्या चित्ताचे रंजन करणारा ध्वनिविशेष तो राग. मला या व्याख्येचे फार अप्रूप वाटते. तिच्यात ऐकणाऱ्याला जागा आहे. चित्त रंगले नाही तर स्वर कितीही बिनचूक असोत, राग झालेला नाही, असा तिचा सरळ अर्थ निघतो.

एकोणिसाव्या शतकात ख्याल हा रागदारी गाण्याचा प्रकार महाराष्ट्रात रुजला तो पायी चालत जाऊन विद्या आणणाऱ्या माणसांमुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी शिकून परतले आणि मिरज-इचलकरंजी या पट्ट्यात त्यांनी शिष्य तयार केले. त्या काळचा श्रोता म्हणजे संस्थानिक, त्यांचे मानकरी, सावकार, देवळातल्या उत्सवाला जमलेली मंडळी. तो बैठकीत मांडी घालून गवयाच्या समोर, हातभर अंतरावर बसे. राग कोणता हे त्याला कुणी सांगत नसे आणि तोही फारसा विचारत नसे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान गेली, एखाद्या जागेला तोंडातून आपसूक ‘वा!’ निघाले, की ऐकणे झाले. गवई ती दाद ओळखून पुढचे गाणे वळवत. चिजा, म्हणजे रागांत बांधलेल्या रचना, मात्र मुठीत झाकलेल्या असत. घराण्याची ती इस्टेट होती, पोट त्यावर चालायचे, त्यामुळे ती झाकण्यात मला काही गैर दिसत नाही. पण त्यामुळे घराण्याबाहेरच्या माणसाला गाण्याच्या आत शिरायला दार नव्हते.

ते दार उघडायचे काम एका वकिलाने केले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईच्या वाळकेश्वरचे. तरुणपणी ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. १८७० साली मुंबईतल्या पारशी मंडळींनी काढलेली ही संस्था; तिथे उस्ताद येऊन शिकवत. भातखंड्यांना एकच गोष्ट छळत होती. दोन उस्ताद एकाच नावाचा राग दोन तऱ्हांनी गातात, आणि कारण विचारले तर ‘आमच्या घराण्यात असंच आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. वकिलाला हे कसे पटावे? वकिलीतून अंग काढून घेऊन ते फिरायला निघाले. १९०४ साली दक्षिणेत गेले, तिथे त्यांना व्यंकटमखी या जुन्या शास्त्रकाराची बहात्तर मेळांची, म्हणजे स्वरांच्या साच्यांची, मांडणी भेटली. त्या धर्तीवर त्यांनी उत्तरेच्या प्रचलित रागांसाठी दहा थाट, म्हणजे राग ज्यांत वाटून घालायचे असे दहा साचे, पुरेसे मानले. जयपूर, रामपूर अशा ठिकाणी जाऊन शेकडो चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि छापून टाकल्या. शास्त्राचा विचार त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. उत्तर हिंदुस्थानी संगीताचे विसाव्या शतकातले सगळ्यात प्रभावी शास्त्र मराठी गद्यात मांडले गेले, याचा आपल्याला विसर पडतो.

कुजबुजीतल्या त्या प्रश्नाचा उगम इथे आहे. थाट, वादी (रागाचा मुख्य स्वर), संवादी (त्याच्या जोडीचा स्वर), आरोह, अवरोह, गानसमय अशी प्रत्येक रागाची कुंडली तयार झाली आणि कुंडली आली की नाव आधी लागते. त्यातून भले झाले ते फार मोठे. शिंप्याच्या, कारकुनाच्या, शाळामास्तरच्या मुलाला चीज चार आण्यांच्या पुस्तकासारखी हातात मिळू शकली. नुकसानही झाले. भूप आणि देशकार यांचे उदाहरण घ्या. दोघांत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूप गंधाराशी बोलतो, संध्याकाळनंतर गातात. देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने फिरतो, सकाळी गातात. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. दोन्ही रागांत मध्यमच नाही, त्यामुळे स्वरांची मोजदाद करून हे उत्तर निघत नाही. ते कानाने, चलनाने दिलेले उत्तर आहे. म्हणजे स्वतः भातखंडे कानाचेच ऐकत होते. त्यांची कोष्टके पाठ करणाऱ्यांनी मात्र पुष्कळदा कोष्टकच ऐकले.

दुसरे विष्णू म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१). कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, कीर्तनकाराच्या मुलाची पुढची वाट गाण्याकडे वळली आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे तालीम झाली. बुवांची विद्या घेऊन ते बाहेर पडले ते संस्थानिकांच्या दारी न थांबण्याचे ठरवूनच. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईला आणले. तिकीट लावून गाणे, ठरल्या वेळी सुरू होणारे गाणे, घरंदाज बायकामुलींनी येऊन बसावे असे गाणे, हे त्यांनी रुजवले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्यांच्या शिष्यपरंपरेने चालवल्या आणि आज मध्यमवर्गीय मराठी घरात निदान एक जण तरी प्रवेशिकेला बसलेला सापडतो. तिकीट काढलेला श्रोता गवयापासून दूर गेला, रांगेत बसला, गप्प झाला. हातभर अंतरावरची दाद हळूहळू शेवटच्या टाळ्यांवर आली.

पण हजारो मराठी कानांना राग शिकवला तो यांपैकी कुणीच नाही, तो शिकवला संगीत नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. सुरुवातीच्या पदांत साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली होत्या. पुढे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी नाटकात आणल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये बालगंधर्व ‘नाथ हा माझा’ गाऊ लागले आणि ज्याने दरबार पाहिला नाही, पुस्तक उघडले नाही, त्यालाही यमन भेटला. ‘मम आत्मा गमला’ने बिहाग दिला. पदाला ‘वन्समोअर’ मिळे, तेच पद पुन्हा नव्या जागा घेऊन येई, आणि प्रेक्षक त्या दोन फेऱ्यांतला फरक ओळखे. ऐकण्याचे याहून चांगले शिक्षण मला दुसरे दिसत नाही. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका राग नावाने ओळखत नसत, त्या म्हणत, “हा त्या अमक्या पदाचा.” त्यांचे उत्तर परीक्षेत चुकले असते, पण कान चुकला नव्हता.

याच सुमारास सूर म्हणजे नेमके काय यावर कडाक्याचा वाद पेटला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर आणि क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वरभेद, गणिताने मोजायचा घाट घातला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) त्यांना गाऊन दाखवत. श्रुतींची खास पेटी, म्हणजे हार्मोनियम, तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा वाद तिथेही गेला. साध्या पेटीला बारा पट्ट्या, त्यांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, आंदोलित, म्हणजे हलता, गंधार नाही. तरी ती नाटकात, कीर्तनात, माजघरात सगळीकडे पोचली होती. आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांत बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, मग हळूहळू सैल झाली. पेटीवर घेतलेले आक्षेप खरे आहेत. पण त्याच तीन दशकांत महाराष्ट्राच्या घराघरांत पोरे पेटीवरच सा शोधत होती आणि त्यांच्यापैकीच पुढचे गायक निघाले. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे जाऊन कुणी जवारी, म्हणजे तारेचा भरीव झणकार, लावताना पाहावे. भोपळ्याच्या तंबोऱ्याच्या घोडीवर ते कानशीने घासतात, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. तिथे श्रुतीचा हिशेब बोटांत आणि कानांत असतो.

यंत्रांनी ऐकणे आणखी बदलले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि तासभराचे गाणे तीन मिनिटांच्या तबकडीत बसवायची कला गायकांना शिकावी लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही त्यातलीच एक तबकडी. ती ऐकून वेडावलेल्या एका मुलाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे त्याला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व गुरू म्हणून लाभले. गुरू गेल्यानंतर १९५३ साली त्या मुलाने, म्हणजे भीमसेन जोशींनी, त्यांच्या स्मृतीसाठी पुण्यात जो महोत्सव सुरू केला, तो पहाटेपर्यंत चाले आणि हजारोंना एकत्र बसवून ऐकायला शिकवत असे. त्याच काळात माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर रेडिओवरून शास्त्रीय संगीत घरोघर नेऊ पाहत होते आणि सिनेगीतांना मागे सारत होते. लोकांनी रेडिओचा काटा सिनेगीते लावणाऱ्या सिलोन केंद्राकडे फिरवला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. कान कशाने रमेल हे फर्मानाने ठरत नाही, याचा तो पुरावा होता.

या साऱ्या इतिहासात एक मोठे गाणे बाहेरच राहिले. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन अशा कोटी मांडल्या, आणि प्रत्येक कोटीचे ऐकणे वेगळे असते हे दाखवून दिले. वारकरी भजनात वेगळा श्रोता नसतो. ज्याच्या हाती टाळ तो गातो, ज्याच्या हाती नाही तो टाळी धरतो. जात्यावरच्या ओवीला तर श्रोताच नसे. असलीच तर समोर खुंटा धरून बसलेली जाऊ, नाहीतर कुशीत झोपलेले मूल. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. ओवीला वादी-संवादी कुणी विचारले नाहीत. दगडाची घरघर हाच तिचा तंबोरा आणि हाताचा फेरा हीच लय. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवीची वेळ संपली. ती पहाटेची वेळ होती.

कलासंगीताचीही तीच वेळ गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट मिळते. नियम रास्त आहे, झोपेचा हक्क मोठाच. पण रात्रभर चालणारे महोत्सव त्यामुळे संध्याकाळचे झाले. भूप, यमन, मारवा, पूरिया पुन्हा पुन्हा भेटतात. मध्यरात्रीचा दरबारी क्वचित त्याच्या वेळेला येतो. पहाटेचा ललत आणि सकाळचा देशकार बहुतेकांना आता हेडफोनमध्येच भेटतात, आणि तिथे पडद्यावर रागाचे नाव आधीच लिहिलेले असते.